आधी दाखला नीट करून घ्या, मग योजनांकडे वळा

प्रश्न गोव्यातल्या साखळीच्या एका ताईंचा आहे. थोडक्यात असा: "मुलगा सात वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी (मेंदूमुळे हालचालींवर परिणाम होणारं दिव्यांगत्व). भिंतीला धरून चालतो, दोन-चार शब्द बोलतो. तीन वर्षांचा असताना दिव्यांगत्वाचा दाखला काढला होता, त्यावर ५० टक्के आहेत. मिस्टर कंपनीत आहेत, पगार २२ हजार. मी घरीच. माझं माहेर गोव्यातलं, सासर महाराष्ट्रातल्या दोडामार्गचं, रेशन कार्ड अजून तिकडेच. शेजारी म्हणतात दयानंद योजना लागली की झालं. सरकारकडून नक्की काय काय मिळतं आणि सुरुवात कुठून करू?"

ताई, फोंडा आणि आसपासच्या भागात विशेष मुलांच्या कुटुंबांबरोबर मी २६ वर्षं काम केलं. तेवढ्या अनुभवावर एक गोष्ट आधीच सांगते. मिळणाऱ्या पैशातून मुलाचा सगळा खर्च निघणार नाही. थेरपी, येणं-जाणं, डायपर, तुमचा बुडालेला रोजगार, यातला एक कोपरा झाकला जाईल. पण तो कोपरासुद्धा अनेक घरं सोडून देतात, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. योजनेचा फॉर्म भरायची घाई होते आणि दाखला मात्र जुनाच जोडला जातो.

तुमचा दाखला मुलगा तीन वर्षांचा असतानाचा आहे. तो बाहेर काढा आणि दोन गोष्टी बघा. एक, त्यावर 'टेम्पररी' लिहून मुदत घातली आहे का. दोन, दिव्यांगत्वाचा प्रकार कोणता लिहिलाय. माझा अंदाज आहे की फक्त चलनवलनाचं, म्हणजे हातापायांचंच लिहिलं असेल. त्यात डॉक्टरांची चूक नाही. पाच वर्षांखालच्या मुलाला बौद्धिक दिव्यांगत्व असं निदान देतच नाहीत, तोवर विकासाला उशीर एवढंच म्हणतात. बौद्धिक दिव्यांगत्वाचं मूल्यमापन पाच वर्षांनंतर होतं, पुढे दहाव्या आणि अठराव्या वर्षी दाखला नवा करावा लागतो आणि अठराला मिळालेला दाखला कायमचा. तुमचा मुलगा सात वर्षांचा झाला, तरी त्याच्या बुद्धीचं आणि बोलण्याचं मोजमाप कागदावर आलेलंच नाही.

हे का महत्त्वाचं, ते आकड्यांत सांगते. समजा चाचणीत बौद्धिक दिव्यांगत्व मध्यम निघालं. मार्गदर्शक नियमांप्रमाणे सौम्य म्हणजे ५० टक्के, मध्यम म्हणजे ७५, तीव्र म्हणजे ९०. आता तुमच्याकडे हातापायांचे ५० आहेत आणि हे ७५. लोकांना वाटतं दोन्हींची बेरीज होते, किंवा जे मोठं तेच धरतात. दोन्ही चूक. सूत्र असं: मोठ्या आकड्यात, लहान आकडा गुणिले (९० वजा मोठा आकडा) भागिले ९०, एवढी भर घालायची. म्हणजे ७५ अधिक ५० गुणिले १५ भागिले ९०. उत्तर ८३ टक्के. ५० वरून ८३. आज हातात असलेलं कार्ड आणि असायला हवं ते कार्ड, यांत एवढं अंतर असू शकतं. ऑक्टोबर २०२४ च्या नियमांनंतर यूडीआयडी कार्डाचे (दिव्यांगांच्या केंद्रीय ओळखपत्राचे) रंगही वेगळे झाले आहेत. ४० च्या खाली पांढरं, ४० ते ८० पिवळं, ८० आणि वर निळं.

हे सूत्र मला पाठ आहे, कारण त्याची किंमत मी एका घराला मोजायला लावली होती. फोंड्याकडचा एक मुलगा, तुमच्या मुलासारखाच. वडील पगारदार, आयकर भरणारे. दाखला हातापायांचा, ६० टक्के. मी तोच दाखला बघून सगळे फॉर्म भरून दिले आणि बौद्धिक चाचणी राहिली आहे हे माझ्या लक्षातच आलं नाही. सहा वर्षांनी शाळेतल्या नव्या समुपदेशक बाईंनी विचारलं, "दुसरा भाग कुठे आहे?" चाचणी झाली, एकत्रित आकडा ८० च्या वर गेला. आयकरात ८० च्या खाली ७५ हजारांची वजावट मिळते आणि ८० पासून सव्वा लाखाची. दर वर्षी ५० हजारांची वजावट, सहा वर्षं, माझ्या नजरचुकीने गेली. त्या बाबांनी मला एक शब्द बोलून दाखवला नाही, म्हणून ते जास्त लागतं.

तर पहिलं काम: यूडीआयडीच्या स्वावलंबन पोर्टलवर जाऊन नव्याने मूल्यमापनासाठी अर्ज करा आणि अर्जात दोन्ही प्रकार निवडा. तुम्ही उत्तर गोव्यातल्या, म्हणून म्हापशाचं जिल्हा रुग्णालय किंवा बांबोळीचं गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज). बौद्धिक चाचणीसाठी बांबोळीलाच आयपीएचबीमध्ये (सरकारी मानसोपचार रुग्णालयात) जावं लागेल अशी तयारी ठेवा. निघण्याआधी फोन करून दाखला देणारं डॉक्टरांचं बोर्ड कोणत्या वारी बसतं ते विचारा. साखळीहून बांबोळीला बस बदलत मुलाला घेऊन जायचं आणि "आज बोर्ड नाही" ऐकून परत यायचं, हे मी शंभर आयांच्या तोंडून ऐकलं आहे.

चाचणीच्या दिवसाबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती कुठल्याच पत्रकात नसते. बुद्ध्यांकाबरोबर सामाजिक परिपक्वतेची एक चाचणी असते आणि तिची बरीचशी उत्तरं मुलाला नाही, आईला विचारतात. स्वतः जेवतो का? शर्टाची बटणं लावतो का? शी-शू सांगतो का? आणि आपण आया काय करतो? म्हणतो, "हो, जेवतो की." प्रत्यक्षात भात आपण कालवून देतो, चमचा हातात देतो आणि निम्मा सांडलेला पुसतो. ते खोटं नसतं, ती माया असते. परक्या माणसासमोर लेकराची उणीव सांगायला जीभ रेटत नाही. पण त्या 'हो'मुळे मूल कागदावर आहे त्यापेक्षा सक्षम दिसतं आणि टक्के उतरतात. वाढवून सांगू नका, कमी करूनही सांगू नका. आदल्या आठवड्यात एका वहीत रोजचं लिहा: आज काय स्वतः केलं, कशात हात लावावा लागला, किती वेळा उचलावं लागलं. ती वही समोर ठेवा. मुलाला सकाळची वेळ बरी जात असेल तर सकाळचीच वेळ मागा.

आता दयानंद. भाऊसाहेब बांदोडकरांच्या नावाची ही दयानंद सामाजिक सुरक्षा योजना समाज कल्याण खात्याची आहे. तिच्यात ज्येष्ठ नागरिक, एकट्या महिला आणि दिव्यांग, तिघेही येतात, म्हणून लोकांना ती म्हाताऱ्यांची पेन्शन वाटते. मुलाच्या नावानेही ती मिळते. ज्येष्ठांना महिन्याला २००० रुपये मिळतात. दिव्यांगांचा दर वेगळा, आणि गंभीर दिव्यांगत्वाला त्याहून वरचा. इथे कायद्याचं एक वाक्य लक्षात ठेवा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम २४ आहे. सामाजिक सुरक्षेच्या योजनांत दिव्यांगांना इतरांपेक्षा किमान २५ टक्के जास्त मिळायला हवेत, असं ते म्हणतं. २००० वर २५ टक्के म्हणजे २५००. मंजुरीच्या पत्रावर याहून कमी आकडा दिसला तर गप्प बसू नका, लेखी विचारा.

दयानंदमध्ये तुमची एक अडचण येईल ती रहिवासाची. योजनेला गोव्यातला १५ वर्षांचा रहिवास लागतो आणि तुमचं रेशन कार्ड दोडामार्गचं. डिचोली, पेडणे, सत्तरी या सीमेवरच्या तालुक्यांत अशी घरं गल्लोगल्ली आहेत. लग्न पलीकडे, नोकरी अलीकडे. माझं मत स्पष्ट आहे: दोन राज्यांत पाय ठेवून चालणार नाही, आधी ते रेशन कार्ड रद्द करून गोव्यात नाव घाला. मग रहिवास दाखवताना तुमचे माहेरचे कागद पुढे ठेवा. तुमचा जन्मदाखला, शाळेचा दाखला, जुन्या मतदार यादीतलं नाव. मिस्टरांचे नंतर. मुलाचा जन्म गोव्यात झाला असेल तर त्याचा जन्मदाखला सर्वांत वर. रहिवासाचा आणि उत्पन्नाचा दाखला मामलेदार कचेरीतून निघतो. त्याआधी तलाठ्याकडे एक फेरी होईलच. पंचायतीत सरकारी योजनांच्या मदतीला येणारे स्वयंपूर्ण मित्र यांना एकदा भेटा. काही जण खरोखर मनापासून फाइल पुढे ढकलतात. एजंटला मात्र एक पैसाही देऊ नका.

नावाचं स्पेलिंग! हा विषय क्षुल्लक वाटेल, पण गोव्यात फाइल अडते ती सर्वांत जास्त इथे. गावकर हे एकच आडनाव आधारवर एका तऱ्हेने, जन्मदाखल्यावर दुसऱ्या तऱ्हेने, बँकेत तिसऱ्या तऱ्हेने लिहिलेलं असतं. मराठीत वाचलं तर सगळी सारखीच, संगणकाला मात्र तीन वेगळी माणसं दिसतात. यूडीआयडीचा अर्ज करण्याआधी मुलाचं आधार आणि जन्मदाखला एकसारखे करून घ्या, कारण पुढचं सगळं त्या कार्डाच्या स्पेलिंगवर चालतं. आणि दयानंद सुरू झाली की दर वर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. सात वर्षांच्या खेळत्या मुलाच्या हयातीचा दाखला आणायला जाताना आईला काय वाटत असेल, हे नियम करणाऱ्याने कधी पाहिलं नसणार. पण द्यायला विसरलात तर पैसे बंद होतात. कॅलेंडरवर लाल खूण करून ठेवा.

तुमच्या स्वतःच्या नावावर गृह आधार बघा. ती महिला आणि बालविकास खात्याची योजना, गृहिणीला महिन्याला १५०० रुपये. तिलाही १५ वर्षांचा रहिवास लागतो आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत हवं. २२ हजार गुणिले बारा म्हणजे दोन लाख ६४ हजार, तुम्ही बसता. इथे दयानंदचा अर्ज मुलाचा आहे आणि गृह आधारचा तुमचा. दोन्हींचे कागद जवळजवळ तेच, त्यामुळे झेरॉक्स एकदमच काढा.

यानंतर जी सांगते, ती मला स्वतःला सर्वांत उपयोगी वाटते आणि तिचंच नाव सर्वांत कमी लोकांना माहीत असतं. निरामया आरोग्य विमा. केंद्राच्या १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली चार प्रकार येतात: ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविध दिव्यांगत्व. या चौघांसाठीच हा विमा आहे. वर्षाला एक लाखापर्यंत संरक्षण, आधीची वैद्यकीय तपासणी नाही, आणि मुख्य म्हणजे फिजिओथेरपी, स्पीच थेरपीसारख्या ओपीडीच्या खर्चाला पोटमर्यादेत पैसे मिळतात. नोंदणीला दारिद्र्यरेषेखालच्यांना २५० रुपये, वरच्यांना ५००. तुमच्याकडे गोवा सरकारचं दीनदयाळ स्वास्थ्य कार्ड असेलच. तिघांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख, मोठ्या कुटुंबाला चार लाख. पण ते दवाखान्यात भरती होऊन केलेल्या उपचारांसाठी. तुमचा पैसा जातो तो आठवड्याच्या थेरपीत, आणि ती जागा निरामया भरते. म्हणून एक असलं तरी दुसरं काढा.

निरामयात दोन खाचखळगे आहेत. पैसे आधी तुम्ही भरायचे आणि बिलं देऊन नंतर परत मागायचे. त्यामुळे प्रत्येक थेरपीचं शिक्का-सहीचं बिल आणि डॉक्टरांची चिठ्ठी हवी. "बिल नको, शंभर रुपये कमी द्या" असं कोणी म्हटलं तर नको म्हणा. बिलं साठवून वर्षअखेरीस देऊ नका, त्या त्या महिन्यात द्या. दुसरं, पॉलिसीचं वर्ष एप्रिल ते मार्च असतं. फेब्रुवारीत काढली तर महिन्याभरात नूतनीकरण. नोंदणी नॅशनल ट्रस्टशी जोडलेल्या संस्थेमार्फत करता येते. मुलगा ज्या विशेष शाळेत किंवा थेरपी केंद्रात जातो तिथे आधी विचारा.

साधनांचं बोलायचं तर मुलगा भिंत धरून चालतो म्हणजे वॉकर, कॅलिपर (पायाला आधार देणारं साधन), बसायची खास खुर्ची यांपैकी काहीतरी लागणार. केंद्राची एडिप नावाची योजना आहे. महिन्याचं उत्पन्न २२,५०० पर्यंत असेल तर ठरलेल्या मर्यादेत पूर्ण खर्च, ३० हजारांपर्यंत अर्धा. मिस्टरांचा पगार २२ हजार. पाचशे रुपयांनी तुम्ही आत आहात, पगारवाढ व्हायच्या आधी अर्ज करा! हे हसण्यावारी नेऊ नका, मी खरंच सांगते. मोठ्यांना तेच साधन तीन वर्षांनी परत मिळतं, बारा वर्षांखालच्या मुलाला एका वर्षाने, कारण मूल वाढतं आणि कॅलिपर आखूड होतं. शिबिरात घाईघाईत माप घेऊन दिलेली खुर्ची मी अनेक घरांत कपडे वाळत घालायला वापरलेली पाहिली आहे. फिजिओथेरपिस्टला बरोबर न्या, नाहीतर त्याच्याकडून माप लिहून घ्या.

आयकराचं वर लिहिलं ते तुमच्या घराला लागत नाही. २२ हजारांच्या पगाराला कर बसतच नाही, आणि ती वजावट तशीही फक्त जुन्या करप्रणालीत मिळते. तुमच्या ओळखीत जास्त पगाराचं कोणी असेल तर सांगा, एवढंच.

रेल्वेत बौद्धिक दिव्यांग व्यक्तीला आणि बरोबरच्या माणसाला स्लीपर आणि थर्ड एसीत ७५ टक्के सवलत असते. मुंबईला किंवा मणिपालला तपासणीला जाणार असाल तर कामी येते. त्यासाठी रेल्वेच्या नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं, नुसतं यूडीआयडी दाखवून खिडकीवर वाद घालत बसू नका.

शाळा. सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षण हा ४० टक्के आणि वरच्या प्रत्येक मुलाचा हक्क आहे, साध्या शाळेत किंवा विशेष शाळेत, तुम्हाला योग्य वाटेल तिथे. पर्वरीची संजय शाळा, डिचोलीची केशव सेवा साधना, फोंड्याकडची लोकविश्वास प्रतिष्ठानची शाळा ही नावं तुम्ही ऐकली असतील. जाऊन बघा, वर्गात अर्धा तास बसा, मग ठरवा. समग्र शिक्षा या केंद्राच्या शालेय योजनेखाली विशेष गरजेच्या मुलांसाठी वर्षाला माणशी ३५०० रुपयांची तरतूद असते, पण ती रोख हातात पडत नाही. रिसोर्स टीचर, साहित्य, सोबत, वाहतूक यांत जाते. मुख्याध्यापकांना विचारा की आपल्या मुलासाठी त्यातून काय आलं. प्रश्न सभ्य आहे आणि बहुतेक कोणी विचारत नाही. नववी-दहावीची केंद्रीय शिष्यवृत्ती आहे, तिला उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. तुम्ही आज १४ हजारांनी बाहेर आहात. नववीला अजून वेळ आहे, तेव्हा आज त्यात डोकं घालू नका.

फाइल कुठे अडलीच तर पायऱ्या झिजवण्याआधी एक साधा अर्ज लिहा, पोच घ्या. महिनाभरात हालचाल नाही झाली तर गोव्याच्या दिव्यांगजन राज्य आयुक्तांकडे तीच पोच जोडून तक्रार करा. त्यांना दिवाणी न्यायालयासारखे काही अधिकार आहेत आणि वकील लागत नाही. पणजीत २०२३ च्या जानेवारीत पहिला पर्पल फेस्ट हा दिव्यांगांचा महोत्सव झाला तेव्हापासून गोव्यात या विषयाची चर्चा वाढली, वेगळं खातंही आहे. जांभळ्या रंगाच्या टोप्या घालून फोटो काढणाऱ्यांवर माझा फार विश्वास नाही, पण तुमच्या तक्रारीला उत्तर द्यायला आता एक ठरलेलं दार आहे, हे मात्र मान्य करते.

शेवटचं, जे तुम्ही विचारलेलं नाही. मुलगा अठरा वर्षांचा झाला की कायद्याच्या दृष्टीने तुम्ही त्याच्या पालक राहत नाही. एका आईचं असं झालं: मुलगा अठराचा झाला, बँकेने केवायसी मागितलं, मुलाला सही येत नव्हती आणि दयानंदचे पैसे खात्यात येऊन पडले ते काढताच येईनात. दहा महिने गेले. नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते, तीच आईवडिलांना कायदेशीर पालक नेमते. तिथेही पुन्हा तोच दाखला लागतो. मालमत्तेचंही असंच. गोव्याच्या वारसा कायद्यात अर्धा भाग मुलांसाठी राखीव असतो, मृत्युपत्राने आपल्या मर्जीने देता येतो तो उरलेला अर्धाच. "सगळं घर याच्या नावे करून ठेवते" असं मनात असेल तर दुसरं मूल असताना ते जसंच्या तसं होणार नाही. दिव्यांग व्यक्तीला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. मुलगा सोळाचा झाला की त्यांच्याकडे जा.

सध्या तेवढी वही सुरू करा, आणि आयपीएचबीला फोन करून वार विचारा. नवा दाखला हातात आला की त्यावरचे दोन्ही आकडे मला कळवा, दयानंदचा अर्ज त्यानंतर भरू.